खिडकीबाहेरचा माणूस

दि. १२ जानेवारी

चि. भाऊजींस,

वहिनीचे आशीर्वाद. इतक्या वर्षांनी पाकिटावरचं अक्षर ओळखलंत की नाही, कोण जाणे. ओळखून पाकीट तसंच बाजूला ठेवलं असेल तर पुन्हा हातात घ्या. तुमच्या चष्म्याच्या दुकानाचा पत्ता तुमच्या मावसबहिणीकडून मिळाला. तिला रागावू नका. ती सांगत नव्हती, मीच खनपटीला बसले.

इकडे सर्व ठीक. देवाच्या कृपेने माझे गुडघे चालतात. जिना चढताना कुरकुरतात, पण चालतात. तुमच्या दादांची प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. अन्न पचतं, झोप लागते. बोलणं तेवढं हल्ली कमी झालंय. स्वयंपाकघरातला नळ शेवटी बदलला, आता गळत नाही. गळायचा तेव्हा खाली बादली ठेवून तेच पाणी झाडांना घालत होते. आता झाडांना वेगळं पाणी काढावं लागतं, म्हणजे सुधारणा झाली की नाही, कळत नाही.

पत्राचं कारण असं, की दूरचित्रवाणी केंद्रातून एक मुलगी आली होती. केस आखूड, पायात कापडी बूट, बोलायला गोड. आधी मला आजी म्हणाली. मी म्हटलं, काकू म्हटलंस तरी चालेल. तुम्हा दोघांचा 'झोपा आता' हा कार्यक्रम सुरू झाल्याला यंदा चाळीस वर्षं होतात म्हणे. त्यानिमित्त सुरुवातीच्या दिवसांवर मोठा कार्यक्रम करणार आहेत. आणि त्या दिवसांचं त्यांच्याकडे काहीसुद्धा नाही. तेव्हा सगळं थेट जायचं, आणि ज्या एकदोन फिती भरल्या होत्या त्या पुसून त्यांच्यावर हवामानाचा अंदाज भरला. हे तिने मान खाली घालून सांगितलं. मी म्हटलं, बाळ, त्यात लाजायचं काय? मीही जुन्या चादरींच्या पिशव्या शिवते.

"मग तुम्हीच सांगा ना काकू, सुरुवात कशी झाली?" म्हणाली, आणि मी बसले सांगत. भाऊजी, एवढं मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

शेवटच्या बातम्या संपल्या की वृत्तनिवेदक कोट खुर्चीवर टाकून घरी जायचे आणि तो गरम असतानाच तुमचे दादा अंगात चढवायचे, हे सांगितलं. वर झकास कोट आणि टेबलाखाली घरची चुरगळलेली विजार. बातम्यांचं टेबल फिरवलं की कचेरी तयार. हवामानाच्या नकाशाची मागची बाजू म्हणजे भिंत. आणि खिडकी म्हणजे मोडीत निघालेल्या दाराची चौकट. ती खांद्यावरून आणताना तुम्ही आपल्या जिन्यात अडकलात, वरही जाता येईना, खालीही. वरून उतरणाऱ्या घरमालकाला चौकटीतून डोकं काढून तुम्ही विचारलंत, "अर्ज आणलाय का? मग परत जा!" त्याने भाडं वाढवायचं काढलं होतं, ते त्या दिवशी विसरला.

प्रेक्षक कोण होते, असं तिने विचारलं. मी सांगितलं, ज्यांना घरी न्यायची गाडी अजून आली नव्हती ते सगळे. चालक, झाडणाऱ्या बायका, दाराशी बसणारा पहारेकरी. माझ्या किटलीतल्या चहासाठी बसायचे आणि चहा संपला तरी उठायचे नाहीत.

नाव कोणी ठेवलं, हे तिच्या कागदांत कुठेच नव्हतं. तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत तालमी करत बसायचात आणि मी आतून ओरडायची, "झोपा आता!" तेच तुम्ही पाटीवर रंगवलंत. ती म्हणाली, "काकू, पण हे कोणी नोंदवूनच ठेवलं नाही!" मी म्हटलं, नोंदवणारी मी एकटी, आणि माझे हात तेव्हा भांड्यांत होते.

कागदांची गोष्ट तर तिला खरीच वाटेना. मी मॅट्रिक झालेली, अक्षर वळणदार, म्हणून नकला काढायचं काम माझ्याकडे. कोरा कागद वाया घालवणं माझ्याच्याने होईना, म्हणून केंद्रात रद्दीत टाकलेल्या बातम्यांच्या कोऱ्या पाठीवर मी तुमचे प्रवेश उतरवायची. आणि मग तुमच्या दादांनी ऐन कार्यक्रमात कागद उलटा धरला. कारकुनाच्या आवाजात, तोंडावरची माशी हलू न देता, वाचू लागले: "किनाऱ्यावरच्या सर्व नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे." तुम्ही खिडकीबाहेरून क्षणभर त्यांच्याकडे पाहिलंत आणि हात जोडून म्हणालात, "साहेब, जातो, पण आधी जन्माच्या दाखल्यावर सही करा. बुडालो तर निदान जन्मलो होतो एवढं तरी कळेल." पहारेकरी बाकावरून खाली पडला. त्या दिवसापासून आपली खिडकी सुरू झाली. माझ्या काटकसरीने.

आणि मिठाचंही सांगितलं. दर कार्यक्रमात एक गोष्ट कागदावर नसलेली घालायची, ती तुमच्या दादांना आधी ठाऊक नसायची आणि ऐकून त्यांना जे खरं हसू फुटायचं, ते दाबायला ते कोटाची बाही तोंडावर धरायचे. तुम्ही घरातून निघताना म्हणायचात, "दादा, आजचं मीठ माझ्याकडे आहे. तू नुसतं चाख." ती मुलगी म्हणाली, "म्हणजे लोक खरं तर काकांच्या त्या बाहीवर हसायचे." पोरीला समज आहे.

आता मुद्द्याचं. त्यांनी ठरवलंय की खिडकीचा प्रवेश दोन नवी, हल्ली फार चालणारी मुलं करणार. आणि ह्यांना पहिल्या रांगेत बसवून, शाल पांघरून, टाळ्या वाजवणार. म्हणे त्यांना दगदग नको. मी साफ सांगितलं, "माणसाची नुसती पूजाच करायची असेल तर फोटो घेऊन जा. भिंतीवर एक आहे, काच पुसून देते." खिडकी होईल तर ह्यांची आणि तुमची, नाहीतर ह्या घरातून कोणी येणार नाही. तिने वहीत काहीतरी खोडलं. मग म्हणाली, "ते दुसरे काका येतील?" मी म्हटलं, ते मी बघते.

तेव्हा तुम्ही यायचं आहे. चित्रण फेब्रुवारीच्या शेवटी आहे, पण तालमीला आधी यावं. बाहेरची खोली तशीच आहे. अंथरूण उन्हात टाकून ठेवते.

तुम्ही दोघं वेगळे का झालात, असंही तिने विचारलं होतं. मी चहा गाळायला उठले.

तुमची,
वहिनी


दि. २९ जानेवारी

चि. भाऊजींस,

आशीर्वाद. तुमचं उत्तर मिळालं. दुकानाच्या छापील कागदावर तीन ओळी. "वहिनी, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण त्याने मला जा म्हटलं होतं. त्याने स्वतःच्या तोंडाने फोनवर ये म्हणावं, मी दुसऱ्या दिवशी निघतो." अक्षर तेच, डावीकडे कललेलं. वाचून मी कागद घडी करून देवापुढे ठेवला आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. आज बसलेय. हे पत्र मागच्यासारखं होणार नाही, तेव्हा गिऱ्हाईक नसताना वाचा.

तुमचे दादा बोलत नाहीत. कमी बोलतात असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून वस्तरा पडला आणि तोंड वाकडं झालं. इस्पितळातून आले तेव्हा पाय चालत होता, उजवा हात अर्धा चालत होता, आणि भाषा गेलेली. समजतं सगळं. मी भाजी घेताना फसले तर कपाळाला हात लावतात. पण शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथून परत फिरतो. एकदा माझं नाव घ्यायला गेले आणि निघालं "खुर्ची". इतके रडले, भाऊजी. मी म्हटलं, काही बिघडत नाही, इतकी वर्षं माझ्यावर बसलाच आहात.

तुम्हाला का कळवलं नाही? ह्यांनी कळवू दिलं नाही. तुमचं नाव काढलं की डावा हात उगारून नाही, नाही करायचे. तो राग आहे असं मी धरून चालले होते. आता वाटतं, लाज असावी. तुमच्यासमोर मुका कारकून म्हणून यायची लाज.

बोलणं शिकवायला एक बाई येतात. चित्रं दाखवतात, कप, किल्ली, मांजर. ह्यांना मांजर जमत नाही. बाई म्हणाल्या, पाठ झालेलं जुनं काही असेल तर म्हणून बघा, प्रार्थना, पाढे, गाणं. नव्या वाटेने येत नाही ते कधीकधी मळलेल्या वाटेने येतं. मी प्रार्थना म्हटल्या. नुसते बघत राहिले. पाढे म्हटले. मग मला वाटलं, ह्यांची मळलेली वाट म्हणजे खिडकी. म्हणून रोज दुपारी तुमची वाक्यं मी म्हणायला लागले. सगळी तोंडपाठ आहेत, मीच तर उतरवली होती. "साहेब, जन्माचा दाखला." काही नाही. "साहेब, मी जिवंत असल्याचा पुरावा आणलाय." काही नाही. तोंडाकडे बघत राहायचे, कीव आल्यासारखे. माझ्या अभिनयाची असावी.

आता ते लिहायला हवं.

त्या रात्रीचं आपण तिघंही कधी बोललो नाही. मी टेबलाच्या बाजूला कागद घेऊन बसले होते, कोणी अडखळलं तर सांगायला. प्रवेश होता देवाच्या कचेरीचा. दादा खिडकीत देव, तुम्ही बाहेर भक्त. कागदावर तुमचं वाक्य होतं, "देवा, बढती दे." तुम्ही ते म्हटलंच नाही. टेबलावरचं कापड ओढून डोक्यावरून घेतलंत, ओले हात कपाळाला पुसलेत आणि बोलायला लागलात, माझ्या आवाजात.

"हे बघ, मी फुकट काही मागत नाही. साखर सोडली, तुझ्यासमोर सोडली. चहा सोडायला सांगू नकोस, चहा सोडला तर काम कोण करेल, तू? मुलगा असो, मुलगी असो, माझी तक्रार नाही. नाकडोळे तुझ्या मर्जीचे. रंगाचं बोलत नाही. दोन मागत नाही, एकच दे, जुन्या कपड्यांत भागवीन. पावतीसुद्धा मागत नाही. तुझ्या शब्दावर विश्वास आहे. अजून तरी आहे."

शब्दन् शब्द माझा. सकाळी देवापुढे दिवा लावून मी जे बोलायची ते. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं, पण बाहेरच्या खोलीत तुमची खाट होती आणि तुम्ही झोपलेले नसायचात, हे मला त्या क्षणी कळलं.

लोक आडवे झाले. तुमच्या दादांनी कोटाची बाही तोंडावर धरली, खांदे गदगदायला लागले. मग बाही काढली, चष्मा नीट केला, आणि म्हणाले, "उद्या या, बाई."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी किराणावाला उधारीवाल्याला म्हणाला, उद्या या बाई. शाळेतली पोरं एकमेकांना म्हणाली. तुम्ही गेलात तरी कार्यक्रम त्या तीन शब्दांवर मोठा झाला, आणि मी जिथे जाईन तिथे ते तीन शब्द माझ्या आधी पोहोचलेले असत. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातसुद्धा. तिथल्या मदतनीस मुलीने मला हसत हसत तेच म्हटलं; तिला बिचारीला काय माहीत.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "आजचं मीठ कुठून आणलंस रे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्यांनीही पाहिलं. तेव्हा त्यांना समजलं, की मी अजून मागत होते. त्यांना वाटत होतं, मी तो विषय कधीच सोडला. आणि ते हसले होते, सगळ्या लोकांदेखत, देव होऊन. तुम्हाला जे "जा" म्हणाले, ते भाऊजी, मला वाटतं त्यांना स्वतःला म्हणायचं होतं. पण स्वतःला घराबाहेर काढता येत नाही, म्हणून धाकटा भाऊ गेला.

आता माझं ऐका. दोघं भाऊ माझ्यावरून भांडलात, एकाने ट्रंक उचलली, एकाने दार लावलं, आणि मी मध्ये पानं वाढून उभी. वहिनी, तुम्हाला काय वाटलं, असं दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तेव्हा आज न विचारता सांगते. मला लागलं. खोल लागलं, तुम्ही ते दुकानात बसून हलकं करून घेऊ नका. देवाशी बोलायची माझी एक जागा होती, ती तुम्ही चव्हाट्यावर आणलीत. त्यानंतर कित्येक वर्षं मी देवापुढे मनातल्या मनात बोलले, ओठ मिटून.

पण त्याच रात्री, माणसं निघत होती तेव्हा, तो पहारेकरी माझ्याजवळ किटली द्यायला आला. डोळे पुसत होता. म्हणाला, "वहिनी, हे तुम्ही लिहिलंत ना? आमच्या घरीपण हेच चालतं बघा. बायको असंच भांडते देवाशी. आज पहिल्यांदा तिचं हसू आलं मला, आणि घरी जाऊन तिच्याजवळ बसावंसं वाटलं." मी त्याला म्हटलं, हो, मीच लिहिलंय. खोटं होतं का ते? मला नाही वाटत. त्या कार्यक्रमातलं सगळ्यात गाजलेलं बोलणं माझं होतं, आणि ते चोरीला गेलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी दोन्ही जमेला धरते.

देवाने काही दिलं नाही. उद्या उद्या करत त्याने माझं वय काढलं. ते त्याचं आणि माझं, आम्ही बघून घेऊ. तुम्हा भावांचं त्यात काही अडकलेलं नाही. हेच तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आता, केंद्रातली मुलगी येऊन गेली त्याच्या थोडं आधीची गोष्ट. सकाळी दिवा लावला. घर गप्प. इतक्या महिन्यांच्या गप्प घराचा मला एकदम संताप आला आणि मी तोंडाने बोलायला लागले, पूर्वीसारखी, मोठ्याने. "हे बघ, मी फुकट काही मागत नाही. साखर तर मधुमेहाने आधीच नेली, आता चहा घे हवा तर. ह्यांचं बोलणं परत दे. सगळं नको. भाषणाची गरज नाही. भांडण्यापुरतं दे, तेवढ्यात भागवीन..."

मागे कोणीतरी हसलं.

वळून पाहिलं तर हे पलंगावर उठून बसलेले, अर्धा हात तोंडापुढे आडवा धरलेला, बाही धरायचे तसा. खांदे हलत होते. मग हात खाली आला, नाकावर नसलेला चष्मा त्यांनी नीट केला, आणि स्वच्छ, सगळ्या अक्षरांसकट, म्हणाले:

"उद्या या, बाई."

उदबत्ती हातातच राहिली. मी हसले, भाऊजी. त्या रात्री हसायचं राहिलं होतं तेही हसून घेतलं. शेजारच्या बाई दार वाजवायला आल्या, काय झालं म्हणून.

तेव्हापासून रोज सकाळी मी देवाशी मोठ्याने भांडते आणि ते रोज तेवढंच म्हणतात. शिकवणाऱ्या बाईंना हे दाखवलं, त्या म्हणाल्या, वाट मोकळी आहे. पण पुढचं वाक्य येत नाही. येणार कसं? देवाची पुढची सगळी वाक्यं तुम्हाला दिलेली उत्तरं होती. तुम्ही विचाराल तेव्हा ती येतील, किंवा येणार नाहीत. पण मी विचारून येत नाहीत, एवढं मी करून पाहिलंय. म्हणून तुम्ही हवेत. ते नवे, चालणारे पोरगे नकोत. टाळ्या नकोत, शाल नको. खिडकीबाहेर उभा राहणारा माणूस हवा, आणि त्याच्याजवळ मीठ हवं.

तो देवाचाच प्रवेश करा. माझी परवानगी आहे. ह्या वेळी मागायच्या आधीच देते. आणि तुम्ही नाहीच आलात, तर टेबलावरचं कापड डोक्यावर घेऊन मी उभी राहीन, केंद्राला तसं कळवलंय. मला पाठ करायची गरज नाही.

राहता राहिली तुमची अट. दादाने स्वतःच्या तोंडाने, फोनवर. ती मला मान्य आहे.

रविवारी सकाळी दुकान बंद असेल, तेव्हा तिथे येऊन बसा, तुमच्या कागदावर छापलेल्या नंबरावर फोन वाजेल. उचला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलणार नाही, नुसता श्वास ऐकू येईल. चुकीचा नंबर म्हणून ठेवू नका. फोन ह्यांच्या कानाशी असेल. मग लांबून मी देवाशी भांडताना ऐकू येईन. तुम्ही तेव्हा चोरून ऐकलंत, आता उघड ऐका. मध्ये बोलू नका, हसू आलं तर हसा.

त्यानंतर ते जे म्हणतील ते तुम्हाला म्हणतील. त्यांच्याकडे वाक्य एकच आहे, आणि तुमच्या अटीला ते पुरेल. "बाई" तेवढं मनावर घेऊ नका.

अंथरूण उन्हात टाकलं आहे.

फोनची वाट बघा,
खिडकीशी उभी असलेली,
तुमची वहिनी